चाकाचा ठसा आणि गाडीचे वजन

रस्ता बांधणारा एक आणि तो झिजविणारा दुसरा, अशी स्थिती जेथे उत्पन्न होते तेथे कोणत्या गाडीत किती भार आहे हे जाणण्याची निकड सरकारला भासू लागते. इंग्लंडात ती सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात भासली. मालवाहू चारचाकी गाड्यांनी तेथील मऊ, चिखलट रस्त्यांवर खोल चाकोऱ्या पाडल्या, घोडेस्वारांपासून पादचाऱ्यांपर्यंत सर्वांच्या तक्रारी वाढल्या, आणि राजा पहिला जेम्स याने एक टनाहून अधिक ओझे नेण्यास मनाई करणारा हुकूम काढला. परंतु ओझे एक टनाचे की दीड टनाचे, याचा निवाडा भर रस्त्यात करावा कसा? हुकूम निघाला होता. गाडी तोलण्याचे साधन मात्र कोणापाशी नव्हते.

ही अडचण ध्यानात घेतली म्हणजे अठराव्या शतकात ब्रिटिश पार्लमेंटाने योजलेला उपाय किती विचारपूर्वक होता हे उमगते. वजन मोजता येत नसेल तर ते ज्या जागेवर टेकते त्या जागेचे नियमन करावे, अशी ती दृष्टी होती. कारण रस्त्याच्या पृष्ठभागाला जी इजा होते ती बव्हंशी दाबाने होते, आणि दाब म्हणजे वजनाला टेकलेल्या क्षेत्राने भागून येणारी राशी. 1753 च्या कायद्याने जड मालगाड्यांची चाके किमान नऊ इंच रुंद असावीत असे फर्माविले. पुढे अशा रुंद चाकांना पथकरात सवलती मिळाल्या, आणि पुढची व मागची चाके एकाच रेषेत न ठेवता शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून चालवून सोळा इंच रुंदीचा पृष्ठभाग रुळासारखा दाबत जाणाऱ्या गाड्याही निघाल्या. रस्ता उखडणाऱ्यानेच तो चोपून द्यावा, ही कल्पना मला आजही मोठी उदार वाटते.

कल्पनेत दोष नव्हता. दोष मापात होता. नाक्यावरचा अंमलदार चाकाची रुंदी पट्टीने मोजी, आणि भूमीला प्रत्यक्ष किती रुंदी टेकते हे मात्र कोणी पाहत नसे. गाडीवाल्यांनी ही फट तत्काळ हेरली. रुंद चाकावर एक अखंड लोखंडी धाव चढविण्याऐवजी तीन अरुंद धावा शेजारीशेजारी बसवायच्या, आणि त्यांतली मधली बाजूच्या दोहोंपेक्षा किंचित उंच ठेवायची! पट्टी लावली तर चाक पुरते नऊ इंच भरे, सवलत पदरात पडे, आणि घट्ट रस्त्यावर सारा भार त्या मधल्या धावेवर उभा राही. दुसरा प्रकार याहून घातक होता. आखाची टोके खाली झुकविलेली असल्यामुळे रुंद चाकाचा घेर शंकूच्या आकाराचा करावा लागे. अलेक्झांडर कमिंग या निष्णात घड्याळजीने, अठराव्या शतकाच्या अखेरीस, अशा चाकाच्या प्रतिकृती करून दाखवून दिले की शंकू मोकळा सोडला तर वर्तुळात फिरतो. त्याला बळजबरीने सरळ ओढले की त्याच्या लहानमोठ्या व्यासांच्या कडा रस्त्यावर घासत जातात आणि खडीचे पीठ करतात. ज्या चाकाला रस्त्याचे रक्षक म्हणून कायद्याने गौरविले, तेच त्याचे जाते ठरले. कायदा करणाऱ्यांनी या घड्याळजीला पन्नास वर्षे आधी विचारले असते तर किती द्रव्य वाचले असते!

प्रत्यक्ष वजन करण्याचे प्रयत्नही समांतर चालूच होते. 1741 च्या कायद्याने पथकर वसूल करणाऱ्या मंडळांना वजनयंत्रे उभारण्याची मुभा दिली. आरंभीची यंत्रे म्हणजे साखळ्यांनी अख्खी गाडी उचलून धरणाऱ्या अवाढव्य तुला असत. त्यांचे नमुने वुडब्रिज आणि सोहम या गावी अद्याप टिकून आहेत. बर्मिंगहॅमच्या जॉन वायटने अनेक तरफा एकमेकींना जोडून जमिनीलगतच्या फळीवर गाडी तोलण्याची युक्ती काढली, आणि आज कारखान्यांच्या दारी दिसणाऱ्या काट्याचा वंश तेथून सुरू झाला.

टेकलेले क्षेत्र खरेखुरे मोजण्याजोगे झाले ते मात्र हवेच्या चाकामुळे. रॉबर्ट टॉमसनने 1845 मध्ये त्याचे पेटंट घेतले, ते विस्मृतीत गेले, आणि 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने ते पुन्हा शोधून रूढ केले. लोखंडी धाव आपला आकार सोडीत नाही. हवेचे चाक मात्र भार पडताच खालच्या बाजूस सपाट होते, आणि आतल्या हवेचा दाब गुणिले सपाट झालेले क्षेत्र ही राशी भाराच्या जवळपास पोहोचेपर्यंत सपाट होत जाते. ओझे वाढविले तरी आतला दाब फारसा वाढत नाही. वाढते ते क्षेत्र. म्हणून चाकाचा ठसा घेतला आणि हवेचा दाब ठाऊक असला, तर काट्याविना गाडीचे वजन अजमावता येते.

कृती अशी. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चारी बाजूंनी जाड कागदाच्या पट्ट्या चाकाखाली अडतील तेथवर सरकवाव्यात, त्यांच्या कडांनी वेढलेला आकार खडूने आखून त्याचे क्षेत्र काढावे. टायरच्या नक्षीतील खाचा वजा करू नयेत, कारण आतली हवा खाचांच्या वरूनही तितकीच दाबत असते. पुढच्या चाकांचे ठसे 160 आणि मागच्यांचे 125 चौरस सेंटिमीटर आले, तर चारींची बेरीज 570. हवा 30 पौंडांची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.1 किलो, असेल तर वजन 1,200 किलोच्या आसपास. टायरच्या कडक बाजूही थोडा भार स्वतः पेलतात. हवा कमी असता त्यांचा हिस्सा वाढतो आणि उत्तर खऱ्या वजनाहून कमी येते.

रस्ता झिजविणाऱ्या चाकांचा प्रश्न आपल्याकडे उशिरा, पण त्याच रूपात आला. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाला आणि घाटावरच्या मालाला गाडीने कोकणात उतरता येऊ लागले. बैलगाडीच्या एका चाकावर पाचशे किलो भार आणि धावेचा टेकलेला भाग पंधरा चौरस सेंटिमीटर धरला, तर खडीवर दर चौरस सेंटिमीटरला तेहतीस किलोंचा दाब येतो, म्हणजे वरच्या मोटारीच्या पंधरापटीहून अधिक. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये नेमलेल्या रस्ते समितीने रस्त्यांचा खर्च भागविण्यासाठी पेट्रोलवर अधिभार सुचविला. त्यामुळे मोटारवाला रस्त्याचा धनको झाला आणि लोखंडी धावेच्या गाडीवर ठपका येऊ लागला. परंतु गाडीवानाचा त्यात अपराध तो काय? गावच्या सुताराने आणि लोहाराने जे चाक घडवून दिले तेच त्याला परवडत होते, आणि शेतातल्या वाटेवर तेच टिकत होते. पुढे साखर कारखान्यांच्या परिसरात रबरी चाकांची टायरगाडी आली आणि बैल तेच राहून रस्त्यावरचा दाब उतरला. शंभर मनाईहुकुमांनी जे साधले नसते ते एका बदललेल्या चाकाने साधले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठशावरून काढलेल्या अंदाजावर उसाच्या मापाचा तंटा मिटणार नाही. त्यासाठी खरा काटाच हवा. मात्र आपली गाडी पेलवेल त्याहून अधिक लादली आहे काय, एवढे कळण्यास हा अंदाज पुरेसा आहे. ज्यांच्या घरी मोटार असेल त्यांनी ती रिकामी असता हा प्रयोग एकदा करावा आणि आलेला आकडा नोंदणीपुस्तकातील वजनाशी ताडून पाहावा.