नाटक, कूलर आणि कोड

यवतमाळच्या मे महिन्यात ज्यानं हॉलमध्ये बसून कार्यक्रम पाहिलाय, त्याला हवा खेळती असणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. खिडकीत भला मोठा कूलर, आणि नटापेक्षा त्याचाच आवाज खणखणीत! आमची आजी कूलर लावला की पहिलं सांगायची, "समोरची खिडकी उघड." हवा बाहेर गेली नाही तर कूलर नुसता दमट वाफारा करतो. एसीचं उलट. त्याला सगळं बंद लागतं, आणि आतलीच हवा तो पुन्हा पुन्हा फिरवतो.

आता जुनी नाट्यगृहं घ्या. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलं. 1957 मध्ये त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन 1911 चं. एसीचा जमाना नंतरचा: न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात कॅरियरचं यंत्र 1925 मध्ये बसलं, मुंबईचं रीगल 1933 मध्ये एसीसकट सुरू झालं. म्हणजे त्याआधीच्या वास्तू मुळात उंच छत आणि दारं-खिडक्यांच्या भरवशावर होत्या.

ऑपेरा हाऊस 1993 च्या सुमारास बंद पडलं, आभा लांबा यांच्या देखरेखीत दुरुस्त होऊन 2016 मध्ये उघडलं, आणि 2017 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तिथे सुमारे 575 खुर्च्या. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. म्हणजे हाऊसफुल्लला नुसत्या प्रेक्षकांचीच 57 किलोवॅट! दीड टनाचे अकरा एसी फक्त आपल्यासाठी. दिवे वेगळे.

इथे नियम येतात. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून 2007 मध्ये इमारतींचा ऊर्जा कोड आला, 2017 मध्ये सुधारला. 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए करार मागणी असलेल्या व्यापारी इमारतींसाठी तो आहे, मोठ्या नूतनीकरणालाही लागतो. बाहेरची ताजी हवा घेतली की ती थंड करायला वीज लागते, म्हणून कोड म्हणतो, गर्दीप्रमाणे हवा कमी-जास्त करा. हॉल रिकामा असताना पंखे कशाला पळवायचे? अगदी आमच्या सर्व्हरच्या लोडसारखं.

पण त्याच 2007 च्या कोडमध्ये आणखी एक ओळ मला फार आवडली. सुरक्षितता किंवा आरोग्याच्या नियमांशी भांडण झालं, तर ते नियम वरचढ.

ही ओळ का हवी? 13 जून 1997, दिल्लीचं उपहार सिनेमागृह. तळातल्या ट्रान्सफॉर्मरच्या आगीचा धूर जिन्यातून आणि एसीच्या वाटांनी बाल्कनीत चढला. 59 माणसं गेली, बहुतेक गुदमरून. एक बाहेर जायची वाट जादा खुर्च्यांनी बंद केलेली होती. जी हवा थंडावा आणते, तीच वाट धूरही आणते.

आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आत प्रयोग नव्हता, म्हणून माणसं वाचली. लाकूड, पडदे, शंभर वर्षांची आठवण मात्र नाही.

जुनी वास्तू दुरुस्त करताना आपण छताचं नक्षीकाम मन लावून जपतो. जपायलाच हवं. पण हवा कुठून येते, धूर कुठून जाईल, दार कुठल्या बाजूला उघडतं, हेही तितकंच जपायला हवं. ते फोटोत दिसत नाही, एवढाच फरक.

असो. मी आता तिसऱ्या घंटेआधी बाहेरची दारं मोजतो. बायको हसते. आजी हसली नसती.