संरक्षक फिल्म, दारे-खिडक्यांवरील

नव्या दारे-खिडक्यांच्या चौकटींवर, पल्ल्यांवर आणि काचांवर कारखान्यातच चढवलेला, वाहतूक व बांधकाम संपेपर्यंत पृष्ठभाग जपणारा आणि नंतर सोलून टाकायचा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. बांधकामावरचे कारागीर त्याला नुसते ‘फिल्म’, ‘प्लॅस्टिक’ किंवा हिंदीच्या वळणाने ‘पन्नी’ म्हणतात. मागे राहणाऱ्या चिकट थराला ‘गम’ किंवा ‘चिकटा’. फिल्मची मुदत ठरलेली असते. वेळेत काढली तर ती एका हाताने, सलग निघते. प्रस्तुत नोंद मुख्यतः मुदत उलटून गेलेल्या फिल्मविषयी आहे.

रचना : पापुद्रा बहुधा कमी घनतेच्या पॉलिएथिलिनचा असतो, जाडी साधारणतः 50 ते 100 मायक्रॉन. पॉलिएथिलिनला सहसा काहीच नीट चिकटत नाही. म्हणून फिल्मच्या एका बाजूवर विद्युत् विसर्जनाची प्रक्रिया करतात (कारखान्यांत तिला ‘कोरोना’ म्हणतात, रोगाच्या कितीतरी आधीपासून) आणि त्या बाजूवर काही मायक्रॉन जाडीचा दाब-संवेदी आसंजकाचा, म्हणजे नुसत्या दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचा, थर देतात. आसंजक दोन प्रकारचे : नैसर्गिक रबरावर आधारलेले आणि ॲक्रिलिक. तिसऱ्या प्रकारात वेगळा गोंद नसतो. कारखान्यात फिल्म तयार करतानाच तिचा एक थर मऊ, चिकट बहुवारिकाचा केलेला असतो. ग्राहकाला बाहेरून हे भेद कळत नाहीत. फिल्म निघेनाशी झाली, की मात्र प्रश्न पहिल्यांदा इथेच येतो.

काळ्या-पांढऱ्या दुपदरी फिल्मचा उल्लेख आवश्यक आहे. बाहेरचा पांढरा पदर टायटॅनियम डायऑक्साइडमुळे ऊन परतवतो, आतला काळा पदर काजळीमुळे उरलेले किरण गोंदापर्यंत पोहोचू देत नाही. पारदर्शक व फिकट निळी फिल्म स्वस्त पडते, आणि उन्हात बहुधा तीच आधी बिघडते.

इतिहास : अमेरिकेतील 3एम कंपनीत रिचर्ड ड्रू याने 1925 मध्ये रंगाऱ्यांची मास्किंग टेप व 1930 मध्ये पारदर्शक सेलोफेन टेप तयार केली. इंग्लंडमधील विनिंग्टन येथे आयसीआयच्या प्रयोगशाळेत 1933 मध्ये पॉलिएथिलिनचा शोध लागला आणि 1939 मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. या दोन धाग्यांच्या गाठीतून संरक्षक फिल्म आली. प्लॅस्टिकच्या खिडक्या 1950 च्या दशकात पश्चिम जर्मनीत निघाल्या.

चिकटून बसण्याची कारणे : दाब-संवेदी आसंजक वाळून घट्ट होत नाही. तो कायम अर्धवट द्रव, अर्धवट घन अशा श्यान-स्थितिस्थापक अवस्थेत असतो आणि पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत हळूहळू वाहत शिरतो. 3एम मधीलच कार्ल डालक्विस्ट याने 1960 च्या दशकात मांडलेल्या निकषानुसार, पदार्थाचा लवचिकता गुणांक सुमारे 3×10⁵ पास्कलच्या खाली असेल तरच तो नुसत्या बोटाच्या दाबाने चिकटतो. इतका मऊ पदार्थ महिनोन्‌महिने पृष्ठभागावर पडून राहिला, तर त्याचा स्पर्श वाढतच जातो. ॲक्रिलिक गोंदात ही वाढ विशेष दिसते. ऊन लागले नाही तरी ती होते, उष्णतेने ती वेगाने होते.

खरा बिघाड उन्हामुळे होतो. जमिनीपर्यंत पोहोचणारे सुमारे 290 नॅनोमीटरपासून पुढचे जंबुपार किरण ऑक्सिजनच्या साथीने पॉलिएथिलिनच्या लांब साखळ्या तोडतात. संरक्षक द्रव्ये न घातलेली फिल्म उघड्यावर काही महिन्यांत ठिसूळ होते. मग ती सोलली जात नाही, तिचे कपटे पडतात. रबरी गोंद त्याच वेळी आधी पातळ व लिबलिबीत, पुढे पिवळा व कडक होतो. ॲक्रिलिक गोंद ऊन सोसतो. परंतु तो टिकतो आणि पापुद्रा टिकत नाही, त्यामुळे निकाल तोच.

यातून नेहमी आढळणाऱ्या एका गोष्टीचा उलगडा होतो. एकाच खिडकीची आतली फिल्म दोन-तीन वर्षांनीही अखंड निघते आणि बाहेरची नखाने खरवडावी लागते. खिडकीची साधी काच जंबुपार किरणांतले सर्वांत मारक, म्हणजे आखूड तरंगलांबीचे किरण बऱ्याच अंशी अडवते; बाहेरच्या बाजूला असे छत्र नाही. पश्चिमेच्या खिडक्यांना दुपारचे तापमान आणि तिरपे ऊन दोन्ही एकदम लागतात. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या आणि ताबा मिळाल्यावर कुलूप लावून ठेवलेल्या सदनिकांत ही स्थिती नमुन्यादाखल पाहता येते.

कारखान्यातला दोषही कारण असू शकतो. ॲल्युमिनियमच्या सेक्शनवरचा पावडर कोटिंगचा रंग सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजतात. भाजणी अपुरी राहिली किंवा सेक्शन पुरते निवण्याआधी फिल्म चढवली, तर पहिल्या दिवसापासूनच ती अधिक घट्ट बसते. अशा वेळी फॅब्रिकेटर फिल्मला, फिल्मवाला रंगाला आणि रंगवाला उन्हाला दोष देतो.

सोलण्याचे यांत्रिकी : हा विभाग व्यवहारात दुर्लक्षित असला तरी सर्वांत उपयोगी आहे. आर. एस. रिव्हलिन याने 1944 मध्ये दाखवल्याप्रमाणे, न ताणली जाणारी पट्टी सोलण्यास लागणारे बल हे चिकटपणाच्या ऊर्जेला पट्टीच्या रुंदीने गुणून (1 − कोज्या θ) ने भागल्यावर मिळते. येथे θ हा सोलण्याचा कोन. फिल्म पृष्ठभागाशी काटकोनात, म्हणजे सरळ आपल्याकडे ओढली तर भाजक 1 येतो. ती पूर्ण उलटी दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून मागे ओढली, म्हणजे 180 अंशांत सोलली, तर भाजक 2 होतो आणि बल निम्म्यावर येते. प्रत्यक्षात फिल्म थोडी ताणली जाते व गोंदाची ऊर्जा वेगानुसार बदलते, म्हणून हिशेब इतका स्वच्छ उतरत नाही. दिशा मात्र खरी आहे. बहुतेक माणसे फिल्म स्वाभाविकपणे आपल्या छातीकडे ओढतात आणि ती तुटते.

वेगाचे दोन्ही बाजूंनी तोटे आहेत. झटका दिला की गोंद कडक वागतो, बल वाढते, आणि ठिसूळ झालेला पापुद्रा ते बल सोसत नाही. फार सावकाश किंवा फार गरम सोलल्यास गोंद द्रवासारखा वागतो, पोटातून फाटतो आणि अर्धा चौकटीवर, अर्धा फिल्मवर राहतो. चिकटा मागे राहण्याचे हे नेहमीचे कारण होय. दुसरे कारण असे, की गोंदाने पापुद्र्यावरची पकडच सोडलेली असते. मग फिल्म कोरडी निघते व सगळा गोंद चौकटीवर उरतो. प्रयोगशाळेत चिकट पट्ट्यांची सोलण-चाचणी (एएसटीएम डी 3330) मिनिटाला 300 मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मिलिमीटर या वेगाने घेतात. घरी हाच वेग धरण्यास हरकत नाही.

ऊब द्यावी की नाही, याविषयी कारागिरांत एकमत नाही. नव्या, लवचीक फिल्मला ऊब दिल्यास चिकटा वाढतो, म्हणून ती सकाळच्या गारव्यात किंवा सावलीत काढणे बरे. जुनी फिल्म थंड असताना तडकते. तिला केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने हाताला सोसेल इतपत ऊब द्यावी. दोन्ही पक्ष आपापल्या फिल्मपुरते बरोबर असावेत. सुतारांची हीट गन मात्र वापरू नये. तिचा झोत काही शे अंशांचा असतो, यूपीव्हीसी (चौकटींचे कडक प्लॅस्टिक) सुमारे 80 अंशांना मऊ पडते, आणि एकाच जागी तापलेली काच तडकते.

काढण्याच्या पद्धती : टोक उचलण्यासाठी नख, प्लॅस्टिकची पट्टी किंवा मुदत संपलेले बँकेचे कार्ड वापरतात, चाकू व पटाशीने रंगावर कायमचे ओरखडे उठतात. फिल्म बिजागरी, मूठ, काचेची बीडिंग किंवा रबरी गॅस्केट यांच्याखाली अडकलेली असेल तर ओढू नये. बीडिंगच्या कडेने ती अलगद कापून घ्यावी किंवा मूठ सोडवून काढावी. जुळणीपूर्वी या जागांवरची फिल्म बोटभर सोलून ठेवणे हे फॅब्रिकेटरचे काम असते. ते नेहमी होतेच असे नाही.

पापुद्र्याचे कपटे पडू लागले असतील, तर त्यावर खोके बंद करायची रुंद चिकटपट्टी दाबून बसवतात आणि तीच 180 अंशांत सोलतात. ठिसूळ पापुद्र्याला जे बल सोसत नाही ते नवी पट्टी सोसते. हीच युक्ती गोंदाचे सुटे डाग उचलण्यासही चालते. याहून अधिक चिवट जागी द्रावक लागते. पॉलिएथिलिनचा अखंड पापुद्रा द्रावक सहजी आत घेत नाही, म्हणून वरून फडके फिरवणे वाया जाते. द्रावक कडेतून किंवा भेगांतून आत मुरले पाहिजे. फडके भिजवून जागेवर गुंडाळून ठेवणे आणि धीर धरणे, एवढेच तंत्र आहे.

द्रावके : पिवळसर, बोटाला लागणारा रबरी चिकटा रॉकेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन यांत विरघळतो. खोबरेल तेलानेही तो सुटतो, पण फार हळू. पारदर्शक, चिवट ॲक्रिलिक चिकटा रॉकेलला दाद देत नाही; त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे. कोणतेही द्रावक आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावे, आणि शेवटी साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावे, नाहीतर तेलकट थरावर धूळ बसून चौकट पूर्वीपेक्षा कळकट दिसते. द्रावके ज्वालाग्राही असल्याने ती आणि ऊब एकाच वेळी वापरू नयेत.

रंगाऱ्यांचा एन.सी. थिनर आणि ॲसिटोन (नखांचा रंग काढण्याच्या द्रवात बहुधा हाच असतो) यूपीव्हीसीला फुगवून निस्तेज करतात व पावडर कोटिंग मऊ पाडतात. पॉलिकार्बोनेट व ॲक्रिलिकच्या पत्र्यांना त्यांनी तडे जातात. लाकडाच्या रेषा छापलेल्या यूपीव्हीसी चौकटींवर वेगळा रंगीत पापुद्रा कायमचा बसवलेला असतो. तो संरक्षक फिल्म समजून सोलण्याचा प्रयत्न करू नये.

पृष्ठभागानुसार विशेष : काचेवर साबणाचे पाणी व नवे पाते ही जुनी रीत. तथापि, टफन्ड काचेच्या एका बाजूला भट्टीतील रुळांमुळे काचेचे सूक्ष्म कण वितळून बसलेले असू शकतात. पाते ते कण ओढत नेते आणि काचभर ओरखडे उठतात. उष्णतारोधक लेप असलेल्या काचेच्या लेपाच्या बाजूला पाते लावूच नये. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम आम्ल व अल्कली दोन्हींना भिते. धुण्याचा सोडा वर्ज्य. तारेची घासणी सर्वत्र वर्ज्य.

लाकडी दारे : सनमायका लावलेल्या पल्ल्यांपुरताच प्रश्न येतो.

पोलादी सुरक्षा-दारे : वरीलप्रमाणे.

बांधकामातील स्थान : सिमेंटचा ओला गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो, ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर व काचेवर तो वाळला तर पुसता न येणारे डाग पडतात. फिल्म असते ती मुख्यतः यासाठी. त्यामुळे गिलावा व रंगकाम होईपर्यंत ती राहावी असा ठेकेदारांचा आग्रह असतो, तर बसवल्यावर लवकरात लवकर, फार तर काही आठवड्यांत किंवा तीन महिन्यांत ती काढावी असे उत्पादक सहसा सांगतात. दोन्ही मुदतींचा मेळ क्वचितच बसतो.

फिल्म न काढल्याचा गंभीर परिणाम दिसण्यापुरता नसतो. चौकट आणि भिंत यांच्या फटीत भरलेले सिलिकॉन पुष्कळदा चौकटीऐवजी फिल्मच्या कडेवर बसते. पुढे कधी फिल्म ओढली की सिलिकॉनही सुटते आणि पहिल्या पावसात भिंतीला ओल येते. सरकत्या खिडक्यांच्या ट्रॅकमधून पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोकेही फिल्मखाली झाकली जातात. ट्रॅक तुंबतो आणि पाणी घरात वाहते. कोकणातील तिरप्या पावसात ही तक्रार खिडकीच्या दर्जावर ढकलली जाते. म्हणून सिलिकॉन भरण्याआधी निदान कडांवरची फिल्म काढावी.

काढण्याची जबाबदारी कोणाची, याबाबत संकेत निश्चित नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामातील व कारागिरीतील दोष विकासकाने दूर करावयाचे असतात. चिकटून बसलेली फिल्म दोष ठरते किंवा कसे, हे कलमाच्या शब्दांवरून थेट ठरत नाही. घरमालकही पुष्कळदा ती मुद्दाम ठेवतात. वास्तुशांतीला दाराच्या चौकटीवर ओढलेली हळदीकुंकवाची बोटे कधीकधी फिल्मवरच उठतात, आणि मग ती काढायला घरात कोणी तयार होत नाही.

विल्हेवाट : पॉलिएथिलिनची पुनर्चक्रण खूण 4. गोंद व गिलावा लागलेली फिल्म भंगारवाले सहसा घेत नाहीत.