कुत्र्यांमधील निद्राविकार

कुत्र्यांमधील निद्राविकार म्हणजे आजार, वार्धक्य, भीती किंवा आनुवंशिक दोषामुळे कुत्र्याच्या झोपेत निर्माण होणारा बिघाड होय. रात्री येरझारा घालणे, विव्हळणे व सतत भुंकणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. मात्र रात्रीचे असे प्रत्येक वर्तन विकारच असते असे नाही.

स्वाभाविक झोप

कुत्रा सलग न झोपता दिवसरात्रीत अनेकदा थोडा थोडा झोपतो. डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या अवस्थेत (रेम निद्रा) पाय झाडणे, दबक्या आवाजात भुंकणे स्वाभाविक असते. अशा कुत्र्याला हात लावल्यास तो दचकून चावू शकतो. म्हणून लांबूनच हाक मारावी. हाकेने जागा न होणारा, अंग ताठरलेला व नकळत लघवी करणारा कुत्रा स्वप्नात नसून त्याला अपस्माराचा झटका आलेला असू शकतो.

कारणे

वृद्ध कुत्र्यांत मेंदूच्या ऱ्हासामुळे दिवस-रात्रीचे भान हरपते. सांधेदुखी, खाज, मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही झोपमोड होते. जागेपणी अचानक झोप लागून कोसळणे (नार्कोलेप्सी) हा विकार डॉबरमन व लॅब्रॅडॉर जातींत आनुवंशिक आढळतो. त्यामागील जनुकीय दोष १९९९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधला. त्यातून माणसातील याच विकाराच्या अभ्यासालाही दिशा मिळाली.

कोकणातील संदर्भ

रत्नागिरी जिल्ह्यात वाड्यांच्या आसपास बिबट्याचा वावर असतो. अकोले तालुक्यात (अहिल्यानगर जिल्हा) विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. त्यामुळे वाडीतील कुत्री रात्री एकाएकी भुंकू लागणे किंवा घरात शिरू पाहणे यामागे खरी भीती असू शकते.

कुत्र्याचे रात्रीचे रडणे अशुभ असून त्याला यमदूत दिसतात, अशी लोकसमजूत आहे. वास्तविक विव्हळणे हे दूरच्या कुत्र्यांशी संपर्क साधण्याचे साधन आहे. वेदना व एकटेपणा हीदेखील त्याची कारणे असतात. या समजुतीपायी आजारी कुत्र्याला उपचाराऐवजी दगड मिळतात.

रेबीजची शंका

अस्वस्थ भटकंती, बदललेला घोगरा आवाज, लाळ गळणे व विनाकारण चावणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास रेबीजची शंका घ्यावी. लक्षणे प्रकट झाल्यावर हा रोग जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालयात लस घ्यावी.