यवत, यवन आणि युनानी

पुणे-सोलापूर रस्त्यावरचे यवत हे दौंड तालुक्यातले गाव. तुकोबांची पालखी दरवर्षी येथे मुक्कामाला असते. एकदा एसटीत शेजारच्या गृहस्थांनी माझे नाव विचारले आणि हसून म्हणाले, "यवत म्हणजे यवनांचेच गाव की! तुमचेच!" बोलण्यात आकस नव्हता, पण शब्द मनात राहिला.

यवन म्हणजे कोण? आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीक वस्तीचा प्रदेश होता. इराण्यांचा संबंध आधी या ग्रीकांशी आला, म्हणून सम्राट दारयवहूच्या शिलालेखांत ग्रीक म्हणजे 'यौन'. त्याचेच संस्कृतात यवन झाले, पालीत योन, अरबी-फारसीत यूनान. ग्रीक लोक आपल्या देशाला एलाडा म्हणतात. आपण उर्दूत यूनान म्हणतो, आणि ज्या किनाऱ्यावरून हे नाव पडले तो आज त्या देशात नाहीच!

आपल्या पुणे जिल्ह्यातही यवनांच्या खुणा आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिले. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेख आहे. हे दाते इस्लामच्या कित्येक शतके आधीचे, आणि दान बौद्ध भिक्खूंसाठी. पुढे वायव्येकडून येणाऱ्या प्रत्येक परक्याला हेच नाव मिळाले आणि शेवटी ते मुसलमानांना चिकटले.

'हिंदू' शब्दाचे तरी काय वेगळे? सिंधूच्या 'स'चा इराण्यांनी 'ह' केला. दारयवहूच्या लेखांत 'हिंदुश' हा धर्म नाही, प्रांत आहे. ग्रीकांनी तो 'ह'ही गाळला आणि इंडिया झाले. आज सिंधूचा बराचसा प्रवाह पाकिस्तानातून वाहतो. 1492 साली कोलंबस भलत्याच बेटांवर उतरला, तरी ती बेटे 'वेस्ट इंडीज' झाली!

राहिले यवत. नुसत्या उच्चाराच्या साम्यावरून गावाचा इतिहास ठरत नाही. यवतमाळमधला 'माळ' ऐकून आपल्याला माळरान आठवते, पण जुने गॅझेटियर तो 'महाल'चा, म्हणजे परगण्याचा अपभ्रंश सांगते. कान असा फसवतो. आणि कानाने ठरवलेल्या इतिहासावरून शेजारी परका ठरू लागला, तर ती चूक केवळ भाषेची राहत नाही.

ते गृहस्थ पुन्हा भेटले तर सांगेन, काका, आमच्या घरात यवनांचे एकच आले, हकीमसाहेबांचे युनानी औषध. ते तुम्हालाही चालेल.