गिरणगावाची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, वीरगळ आणि देवालये एवढीच आपणांस आठवतात. तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर पाहताना हे स्तंभ कोणत्या राजवटीतले, असा प्रश्न आपल्या मनात आपोआप उभा राहतो. परंतु परळ-लालबागेतील एखाद्या धुराड्याखालून जाताना ते कोणी व कोणत्या हिशेबाने बांधले, हे विचारावे असे सहसा कोणास सुचत नाही. हा प्रश्न विचारणारे शास्त्र मात्र आता चांगलेच रुजले असून त्यास औद्योगिक पुरातत्त्व असे नाव आहे. मायकेल रिक्स या इंग्रज अभ्यासकाने १९५५ साली एका लेखात हा शब्दप्रयोग केला आणि तेव्हापासून तो रूढ झाला. पुढे १९६१-६२ मध्ये लोकांचा विरोध डावलून लंडनच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान पाडण्यात आली, तेव्हा या विषयाकडे सामान्यजनांचेही लक्ष गेले.

मुंबईच्या गिरण्या या शास्त्राचे उत्तम क्षेत्र आहेत. कावसजी दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेव येथे तिची कापडगिरणी चालू झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्यांच्या इमारती वाचावयाच्या कशा, हे एकदा कळले की त्या देवळाइतक्याच बोलक्या वाटू लागतात. छपराचे करवतीच्या दात्यांसारखे उतार पाहा. त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसविलेल्या असत. कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि उन्हाची तिरीप आत येत नाही. सूतकताईची यंत्रे मजल्यांवर चालत, पण माग बहुधा तळमजल्यावर असत, कारण त्यांच्या धक्क्याने वरचे मजले हादरले असते. वाफेच्या यंत्राचे प्रचंड चाक फिरे आणि दोरांच्या साहाय्याने ती गती मजल्यामजल्यावरील दांड्यांना पोहोचे. वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करण्यासाठी आवारात तलाव खोदलेला असे. गिरणीत तलाव कशाला, असे नवख्या माणसास वाटते. वस्तुतः तलावावाचून ते यंत्र नीट चालतेच ना. १९१५ साली खोपोलीहून टाटांची वीज मुंबईस येऊ लागली आणि हळूहळू एंजिनघरे ओस पडली. म्हणजे ओसाड एंजिनघर हाही एक तारीखवार पुरावाच होय.

इमारतीबाहेरही अवशेष आहेत, आणि आमच्या मते तेच अधिक मोलाचे. रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेली माणसे गावकीच्या गाळ्यांत दाटीवाटीने राहत, पाळीनुसार एकाच जागेवर आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्या खानावळी चालविणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापणाऱ्या प्रेमा पुरव या गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या होत्या, हे आमच्या गोमंतकीय वाचकांस सांगितले पाहिजे. रविवारची सुटी आपण गृहीत धरतो. ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणीकामगारांना मिळाली. १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्यानंतर पुष्कळ भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत.

आता कायद्याकडे वळू. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा ऐतिहासिक, पुरातत्त्वीय अथवा कलात्मक महत्त्वाची आणि किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वास्तू स्मारक मानतो. तेव्हा जुन्या गिरणीला वयाची अट आडवी येत नाही. आडवी आली ती जमिनीची किंमत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरविली: ढोबळ मानाने एकतृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एकतृतीयांश घरांसाठी म्हाडास व उरलेला भाग मालकास. २००१ च्या दुरुस्तीने मात्र ही वाटणी केवळ पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राखली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवला. निर्णयाविषयी आम्ही येथे वाद घालीत नाही. परंतु परिणाम ध्यानात घ्यावा: जितके बांधकाम जुने व विस्तीर्ण, तितकी ते पाडल्यावर वाटणीतून सुटणारी जमीन अधिक. पाडण्यासाठी याहून मोठे प्रलोभन कोणते?

राहिले ते बहुधा धुराडे. लोअर परळच्या एका बाजारसंकुलात ते शोभेसाठी उभे आहे. आमच्याकडील देवस्थानांच्या जीर्णोद्धारातही जुनी फरशी उखडून संगमरवर घालतात आणि एखादा कोरीव खांब अंगणात ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आणि तेथील तलाव राखला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

वकिलाच्या नजरेस मात्र सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते कागद. गिरण्यांच्या जमिनीवरील घरे कामगारांना देण्याची योजना झाली, २०१२ साली पहिली मोठी सोडतही निघाली. पण १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे अर्जदारास सिद्ध करावे लागते. त्यासाठी तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीची नोंद, कामगार विम्याचे कार्ड, रजेची वही असे पुरावे पाहिले जातात. इमारत पाडताना कचेरीतील दप्तर रद्दीत गेले असेल, तर हक्क असूनही पुरावा उरत नाही. आणि कामगार वारला असल्यास त्याची विधवा किंवा मुले तो आणणार कोठून? कोकणातल्या कित्येक घरांत पत्र्याच्या ट्रंकेत वडिलांचे ते मळकट कार्ड अजून पडलेले असेल. ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते फेकू नये. त्याची नक्कल करून मूळ प्रत जपून ठेवावी.