डोळा लागला तर

सूर्य बुडायला अजून थोडा अवकाश आहे आणि तुमच्याजवळ पाण्याची बाटली नाही. अंगात जाडाभरडा अंगरखा, पायांवर मदिनेची धूळ. गावाच्या दोन्ही अंगांना काळ्या लाव्हाचे पट्टे, मध्ये खजुरांच्या बागा, विहिरींवर मोट ओढणारे उंट. रमजानचे उपवास बंधनकारक झाले हिजरी 2 मध्ये, म्हणजे इ. स. 624 च्या सुमारास. तुम्ही त्या सुरुवातीच्या काळात येऊन उभे राहिला आहात. नियम नवे आहेत, अजून अंगवळणी पडलेले नाहीत.

इथे कुणाला ‘रोजा’ म्हणू नका, कळणार नाही. तो फारसी शब्द, ‘रोज’ म्हणजे दिवस यावरून आलेला. इथले लोक ‘सौम’ म्हणतात. सौम म्हणजे स्वतःला आवरणं, थांबणं. चारापाण्याविना उभ्या असलेल्या घोड्यालाही अरबी हाच शब्द लावते. कुराणातली मरियम माणसांशी न बोलण्याचा सौम धरते; आपण त्याला मौन म्हणू. तेव्हा साबुदाण्याची खिचडी डोक्यातून काढून टाका. पहाटेपासून घशाखाली थेंब नाही. आपल्याकडे याला निर्जळी म्हणतात.

तुम्ही ज्याच्या दारात आहात तो कैस इब्न सिरमा. अन्सारांपैकी, म्हणजे मक्केहून आलेल्यांना आसरा देणाऱ्या मदिनेकरांपैकी. दिवसभर उपाशीपोटी शेतात राबून तो आत्ता घरी आलाय. नखांत माती तशीच आहे. सूर्य बुडतो. आता खायला मोकळीक आहे, पण एका अटीवर: झोपायच्या आत. एकदा डोळा लागला की संपलं. मध्यरात्री जाग आली तरी उद्याचा सूर्य बुडेपर्यंत खाणंपिणं बंद.

कैस बायकोला विचारतो, काही आहे का खायला? घरात काही नाही. कुठे मिळतंय का बघते, म्हणून ती बाहेर पडते.

आणि तुम्हाला दिसतं, त्याची मान हळूहळू छातीकडे झुकतेय. एकदा झटक्यानं वर येते, पुन्हा झुकते. खांदा हलवून त्याला जागं करावंसं वाटतं, पण घडून गेलेलं बदलता येत नाही. ती परतते तेव्हा तो गाढ झोपलेला असतो. ती दारातच थबकते आणि त्याच्या नशिबाबद्दल हळहळते. हदीसच्या ग्रंथांनी तिची हळहळ जपून ठेवली आहे.

खरं तर तुमच्याशिवाय घरात तिसरं कुणी नाही. उठवून चार घास भरवले असते तर कुणाला कळणार होतं? दोघंही तसं करत नाहीत. या उपवासावर पहारा ठेवता येत नाही. तो मोडला की नाही हे धरणाऱ्यालाच ठाऊक. मला वाटतं, भुकेपेक्षा हेच त्यातलं अवघड काम.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर येतो आणि कैस बेशुद्ध पडतो.

गोष्ट प्रेषित मुहम्मदांच्या कानावर जाते. मग कुराणातल्या अल-बकरा या सूरेतली 187 वी आयत येते आणि रमजानची रात्र मोकळी होते. झोपा, उठा, पहाट होईपर्यंत खा-प्या. नवराबायकोच्या जवळिकीलाही रात्री मनाई नाही. लोकांना फार आनंद झाला, अशी नोंद आहे. व्हायचाच. आजारी आणि प्रवासी यांना सूट आधीपासून होती: सुटलेले दिवस नंतर भरून काढायचे. पण कैस आजारीही नव्हता आणि प्रवासातही नव्हता. तो दमला होता, एवढंच. आज जगभर पहाटेपूर्वी उठून जी सहरी खाल्ली जाते, तिच्या मागे त्या दमलेल्या शेतकऱ्याची डुलकी आहे.

आयतीने पहाटेची खूण सांगितली होती: काळ्या धाग्यापासून पांढरा धागा वेगळा दिसेपर्यंत. काही साध्या माणसांनी ते शब्दशः घेतलं. पायाला एक काळा, एक पांढरा दोरा बांधायचा आणि दोन्ही वेगळे दिसेपर्यंत खात बसायचं. तुम्हीही बांधून बघा. अंधारात दोन्ही सारखेच, आणि हात आपोआप पुन्हा खजुराकडे जातो. पुढे ‘पहाटेचा’ एवढी भर पडली, तेव्हा उलगडा झाला की धागे क्षितिजावरचे आहेत.

आता पहाट जवळ आली आहे, आणि मदिनेतल्याच एका घरात तुमच्यासमोर लाकडी वाडग्यात सवीक कालवलेलं आहे. भाजलेल्या जवाचं पीठ आणि पाणी. आपलं सातूचं पीठच की! मशिदीजवळ बनू नज्जार या कुळातल्या एका बाईचं उंच घर आहे. त्याच्या छतावरून बिलालची अजान येते. तुम्ही घाईघाईनं हात आखडता घेता. घरातली माणसं हसतात. बिलाल रात्र असतानाच अजान देतो, झोपलेल्यांनी उठावं म्हणून. जेवण थांबवायचं ते इब्न उम्म मक्तूमच्या अजानला, आणि इब्न उम्म मक्तूम आंधळा आहे. क्षितिजावरचा धागा त्याला दिसणार नाही. कुणीतरी सांगेपर्यंत तो थांबतो.

वाडगा रिकामा होतो. तुम्ही पाण्याचा शेवटचा घोट घेता. बाहेर लोक त्याला सांगतायत, सकाळ झाली, सकाळ झाली.