देवाचा पलंग

आषाढी तोंडावर आली की पंढरपुरात पहिली बातमी असते देवाचा पलंग निघाल्याची. एकादशीच्या काही दिवस आधी चांगला दिवस बघून विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग बाहेर काढतात. त्या दिवसापासून शेजारती बंद आणि काकडआरतीही बंद, कारण जो झोपलाच नाही त्याला उठवायचं कसं? दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. उभं राहून देव अवघडू नये म्हणून त्याच्या पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात.

महाद्वाराच्या अंगाला आमचं बुक्का, तुळशीच्या माळा आणि चुरमुऱ्यांचं दुकान होतं. वारीच्या दिवसांत घरातलं झाडून सगळं माणूस दुकानात असायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. पलंग निघाल्याचं कुणीतरी सांगत आलं, तेव्हा मी आजीला विचारलं, "आजी, देव सगळं करू शकतो, मग त्याला लोड कशाला लागतो?"

आजी चुरमुरे मापत होती. मापावरची शीग हातानं सारखी करत म्हणाली, "लागतो का न्हाई ते त्याचं त्याला ठावं. दारात उभ्या माणसाला टेक म्हणावं, एवढं आपल्याला कळतंय न्हवं?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढे मी संस्कृत शिकले, जन्मभर शाळेत तेच शिकवलं, आणि माझा तो बालिश वाटणारा प्रश्न आपल्याकडच्या मोठमोठ्या पंडितांनी किती गंभीरपणे घेतला होता ते कळलं. ज्याला काहीच कमी नाही, त्याला इच्छा कशी होईल? इच्छा म्हणजे उणीव. आणि उणीव असेल तर तो सर्वशक्तिमान कसला? बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप सरळ मांडला आहे: हेतूशिवाय कुणी काही करत नाही, आणि परमात्म्याला तर मिळवायचं काही उरलेलं नाही, मग त्यानं जग निर्माण केलं कशासाठी? उत्तर आहे, लीला म्हणून. शंकराचार्यांनी भाष्यात दाखला दिला आहे तो सगळ्या इच्छा पुऱ्या झालेल्या राजाचा. असा राजाही खेळतो, पण खेळातून त्याला काही कमवायचं नसतं.

मीमांसकांनी तर भावनेला जागाच ठेवली नाही. शबरस्वामी म्हणतात, देवतेला शरीर नाही, ती हविर्भाग खात नाही, खाऊन प्रसन्न होत नाही. लोक 'देवाचं गाव', 'देवाचं शेत' म्हणतात तेही नुसतं बोलणं. एखादी वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे जो वापरू शकतो त्याची ती वस्तू, आणि देव काही गाव आपल्या मर्जीनं वापरायला येत नाही. हे वाचलं तेव्हा मी पंचविशीत होते. युक्तिवाद बिनतोड वाटला, आणि त्याच आठवड्यात मी घरी गेले तर आजी देवाला लोण्याचा गोळा पाठवायची घाई करत होती.

शबरस्वामींचं म्हणणं राजांनी मात्र ऐकलं नाही. होयसळ राजा सोमेश्वर याच्या १२३७ च्या शिलालेखात पंढरपूरच्या विठ्ठलदेवाच्या भोगासाठी एक गाव दिल्याची नोंद आहे. त्या काळच्या दानलेखांत 'अंगभोग' आणि 'रंगभोग' असे शब्द वारंवार येतात. अंगभोग म्हणजे स्नान, गंध, वस्त्र, नैवेद्य. रंगभोग म्हणजे मंडपातलं गाणं, वाजवणं, नाचणं. भोग हा शब्द किती धीट आहे पाहा! देवाला अंग आहे, अंगाला सुख कळतं, हे गृहीत धरून गावाचा महसूल लावून दिला आहे. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी मंदिरात 'चौऱ्याऐंशीचा' म्हणून ओळखला जाणारा लेख कोरला गेला. त्यात यादवराजा रामदेवराव आणि हेमाद्रीपंडित यांच्याबरोबर लहानमोठ्या दात्यांचीही नावं आहेत.

या भोगासाठी मग माणसं नेमली गेली, घराणी उभी राहिली. बडवे हे मंदिराचे मुख्य, आणि त्यांच्याबरोबर सात सेवाधारी. पुजाऱ्यांनी पूजा करायची, बेणाऱ्यांनी मंत्र म्हणायचे, परिचारकांनी पाणी आणायचं, हरिदासांनी गायचं, डिंगऱ्यांनी आरसा दाखवायचा, दिवट्यांनी मशाल धरायची, डांग्यांनी दंड घेऊन उभं राहायचं. आरसा दाखवणं हे एका घराण्याचं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम होतं, याचं मला अजून नवल वाटतं. पोशाख झाल्यावर देवानं स्वतःला बघावं, त्याला ते आवडेल, असा विचार कुणीतरी कधीतरी केला असणार.

वर्षभर हेच चालतं. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत उन्हाळा बाधू नये म्हणून चंदनाची उटी. थंडीत कानपट्टी, शाल, रजई. वारी सरली की प्रक्षाळपूजा. इतके दिवस लाखो माथी पायांवर टेकलेली असतात, म्हणून पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात. पलंग पुन्हा शेजघरात येतो आणि रात्री शेजारतीला देवाला शीण घालवणारा काढा देतात. त्या रात्री आमच्याही घरी काढा व्हायचा. वारीत सगळ्यांचेच पाय भरून आलेले असत. आजी चुलीवर पातेलं ठेवून सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा उकळायची. पहिली वाटी देवघरात, मग दुकानातल्या गड्याला, मग आम्हाला. तो वास नाकात शिरला की वारी संपली असं वाटायचं.

पंडितांच्या वादात माझ्या मते एक गोष्ट निसटली. त्यांनी इच्छा म्हणजे उणीव असं समीकरण मांडलं आणि त्यावर कित्येक शतकं वाद घातला. पंढरपूरनं ते समीकरणच मानलं नाही. इथल्या कथा आठवा. रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीला शोधत देव आला, वाटेत पुंडलिकाला भेटावंसं वाटलं म्हणून त्याच्या दारात गेला. तो आईबापांच्या सेवेत होता. त्यानं वीट फेकली, आणि हा थांबला. त्याला थांबवण्याची ताकद कुणातही नव्हती. थांबला तो आपल्या मर्जीनं. लहानग्या नामदेवानं नैवेद्य पुढे ठेवला, देव खाईना, तेव्हा पोरानं डोकं आपटून घ्यायची तयारी केली आणि देव जेवला. सर्वशक्तिमानाला जग उत्पन्न करता येईल, बुडवता येईल, पण कुणी आपण होऊन दिलेला घास त्यालाही स्वतःच्या हातानं निर्माण करता येणार नाही. तो दुसऱ्यानंच द्यावा लागतो. इच्छा असली तर ती एवढीच असावी, आणि तिच्यानं त्याच्या सामर्थ्यात काही कमी होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण याच शहरात 'देवाची इच्छा' या शब्दांनी फार मोठा अन्यायही केला. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. अस्पृश्य म्हणून ज्यांना जिवंतपणी आत पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी दारात. देवाला विटाळ चालत नाही, हे देवानं कुणाला सांगितलं होतं? सहाशे वर्षं हा प्रश्न दाराबाहेर उभा होता. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं, ते १० मे रोजी हरिजनांना मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर सुटलं. आमचे आजोबा त्या दिवसांत गुरुजींना बघून आले होते. घरात त्यावरून भावाभावांत अबोला धरला गेला, तो बरीच वर्षं टिकला. आजोबा एकच म्हणत, "पांडुरंगाला नको असतं तर तो वाळवंटात कीर्तनाला कशाला नाचला असता?"

देवाची इच्छा कुणी सांगायची, हा प्रश्न न्यायालयांनाही चुकला नाही. भारतीय कायद्यात देवमूर्ती ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती मानली जाते. कलकत्त्याच्या एका घराण्यात कुलदैवताची मूर्ती कुठे ठेवायची यावरून भांडण झालं, ते लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९२५ च्या त्या निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की, कुठे राहायचं याबाबत मूर्तीच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडायला ज्याचा स्वतःचा काही स्वार्थ नाही असा माणूस नेमावा. शबरस्वामींना हे मुळीच पटलं नसतं. मला त्यातली दुसरी अट फार मोलाची वाटते. देवाला काय हवं हे सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हे आधी बघावं. पंढरपुरात बडवे आणि रुक्मिणीमातेचे पुजारी उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ मध्ये झाला, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ मध्ये मिटला. आता कारभार मंदिर समितीकडे आहे. चंदनउटी, प्रक्षाळपूजा, काढा मात्र तसाच चालू आहे.

दुकानात पाहिलेली एक बाई मला विसरता येत नाही. एकादशी झाल्यावर बारशीच्या सकाळी आली, पायांना चिंध्या बांधलेल्या. फडक्यातून ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढून आजीला म्हणाली, "माय, एवढं आत पोचवता का?" आत बाहेरची भाकरी जाणार नव्हती, हे आजीलाही माहीत होतं आणि त्या बाईलाही. आजी तिला हाताला धरून नामदेव पायरीपाशी घेऊन गेली. बाईनं भाकरी कळसाकडे उंच धरली, क्षणभर थांबली, मग तिथंच तुकडा मोडून आधी आजीला दिला आणि मग स्वतः खाल्ला.

मार्गशीर्षात देव मंदिर सोडून गोपाळपूरजवळ विष्णुपदावर राहायला जातो, अशी इथली श्रद्धा आहे. नदीच्या पात्रात ते लहानसं मंदिर आहे, आत खडकावर देवाच्या आणि गाईंच्या पावलांच्या खुणा आहेत. पंढरपूरकर महिनाभर तिथं डबे घेऊन जातात आणि देवाच्या संगतीत जेवतात. त्या महिन्यात इकडे आलात तर तिकडे जरूर जा. आणि जाताना दोन भाकऱ्या जास्त घ्या.